१८ वर्षांवरील बौद्धिक दिव्यांगांची छोटी कार्यशाळा (मिरज): काम कोणतं निवडावं, शिकवावं कसं?

(चर्चेतल्या प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वारणाकाठ

विशेष शाळा १८ व्या वर्षी सुटते आणि त्यानंतर बहुतेक जण घरात टीव्हीसमोर बसतात. त्यावर उपाय म्हणून मिरजेत पालकांच्या गटाची दिवसाची कार्यशाळा उभी राहते आहे. परिस्थिती अशी:

एकूण ८ जण, वय १९ ते ३४. प्रमाणपत्रावर पाच जण मध्यम (७५ टक्के), तीन जण सौम्य (५० टक्के). दोघांना डाउन सिंड्रोम आहे. एकाला फिट येतात, गोळ्या चालू आहेत. जागा तळमजल्यावर, २० बाय १८ फुटांची खोली, आतच संडास. शिकवायला एक प्रशिक्षित ताई आणि आळीपाळीने एक पालक. वेळ साडेदहा ते चार.

डोक्यात तीन कामं आहेत: फुलवाती, हळद पावडरीचे १०० ग्रॅमचे पुडे आणि औषध दुकानांसाठी कागदी पाकिटं. दहाच्या पुढे मोजणारं कुणी नाही. काट्यावरचा आकडा दोघांनाच वाचता येतो. पुडे सील करून बघितले तर दहातले तीन-चार गळतात. वाती कुठे बोराएवढ्या, कुठे लिंबाएवढ्या.

यातलं कोणतं काम धरावं, कोणतं सोडावं? शिकवण्याची नेमकी पद्धत काय? आणि कागदपत्रांचं काय काय लागेल?

तराजू

आधी मोजायला शिकवू, मग काम देऊ, हा क्रम सोडा. त्यात दोन वर्षं जातात आणि काम सुरूच होत नाही. मोजणी माणसाकडून काढून घेऊन साधनात घालायची.

वातींसाठी: नर्सरीवाले मिरची-टोमॅटोची रोपं ज्यात करतात तो काळा प्रो-ट्रे आणा. आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत मिळतो. १०४ कप्प्यांचा घ्या, ८ बाय १३ चा. एका कोपऱ्यातले चार कप्पे चिकटपट्टीने बुजवले की उरतात बरोबर १००. एका कप्प्यात एक वात. ट्रे काळा, वात पांढरी, त्यामुळे राहिलेला कप्पा चार फुटांवरून दिसतो, तपासणाऱ्यालाही मोजावं लागत नाही. वात टोक वर करून ठेवायची. टोक खाली गेलं तर ते तळाच्या भोकात अडकतं, ट्रे उलटा केल्यावर वात खाली पडतच नाही आणि पाकिटात ९७ भरतात. काही ठिकाणी अंड्यांचे ट्रे वापरतात. ३० चा हिशेब सोपा पडतो, पण देवाच्या वाती अंड्याच्या ट्रेमध्ये भरताना एखाद्या आजींनी बघितल्या तर पुढची ऑर्डर विसरायची.

त्रिपुरी पौर्णिमेला ७५० वातींची मागणी असते. तिथे एकही कमी चालत नाही. १०० चे सात ट्रे आणि ५० कप्प्यांचा एक, असे आठ ट्रे एका फळीवर ओळीने मांडायचे. सगळे भरले की ऑर्डर पूर्ण. ७५० हा आकडा कुणाला म्हणताही यायला नको.

वाती लहानमोठ्या होतात कारण प्रत्येक जण कापूस आपल्या चिमटीने तोडतो. टेबलावर दोन रंगीत चिकटपट्ट्या चार सेंटिमीटर अंतरावर लावा. कापसाची पेळू (पिंजलेल्या कापसाची लांब वळी) आडवी ठेवायची, एक टोक पहिल्या पट्टीला टेकवायचं आणि दुसऱ्या पट्टीवर कात्री चालवायची. कापणारा एकच असू द्या, बोथट टोकाची कात्री. वळणारे तीन. वळताना बोटांना दूध लावायची घरची रीत विक्रीच्या मालाला नको, पावसाळ्यात चार दिवसांत वास येतो. पाणी आणि चिमूटभर चाळलेली राख पुरते. पाकिटात भरण्याआधी एक ऊन दाखवा.

हळदीसाठी: आकडेवाला काटा ताईंच्या टेबलावर ठेवा, बाकीच्यांना दोन पारड्यांचा तराजू द्या. एका पारड्यात नमुना: रिकामा पाऊच आणि १०१ ग्रॅमचं वजन. नमुन्यात पाऊच धरलेलाच असल्यामुळे पाऊचचं वजन वजा करायची भानगड राहत नाही. दुसऱ्या पारड्यात भरायचा पाऊच. तराजूच्या मधल्या काट्यामागे हिरव्या कागदाची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. काटा हिरव्यावर थांबला की झालं. १०१ का, तर नंतर पाऊचचं तोंड पुसताना थोडी पावडर फडक्याला जाते, आणि गिऱ्हाइकाच्या घरी ९८ भरलं तर बोलणी तुम्हालाच बसणार.

पण दर वेळी चमच्या-चमच्याने भरत बसलं तर एका पुड्याला पाच मिनिटं लागतात. म्हणून माप हवं. अडीच इंची पीव्हीसी पाइपच्या टोपणाला पाइपचा तुकडा बसवा, पावडर भरून काठाशी सपाट करा आणि ९५ ग्रॅम बसेल इतकं कापत जा. एक माप ओतलं की फक्त शेवटचे पाच-सहा ग्रॅम बारीक चमच्याने भरायचे. दळण बारीक-जाड झालं की त्याच मापात वजन बदलतं, त्यामुळे नवा लॉट आला की माप पुन्हा तपासायचं. हे विसरल्यामुळे आख्खा दिवसाचा माल परत फोडावा लागतो.

सील गळतं ते बहुतेक वेळा मशीनमुळे नाही. पाऊचच्या तोंडाला आतून हळद बसलेली असते, प्लॅस्टिक प्लॅस्टिकला चिकटतच नाही. फनेलची नळी पाऊचच्या अर्ध्यापर्यंत आत जाईल इतकी लांब घ्या, म्हणजे वरचा दीड इंच कोरडा राहतो. तरीही सीलआधी आतून एकदा कोरड्या फडक्याने पुसणं ही वेगळी पायरी ठेवाच. दुसरं कारण घाई. सील करायच्या मशीनवरचा दिवा विझल्यावर लगेच हात उचलला तर गरम सील ताणलं जातं. दिवा विझला की मनात 'एक-दोन-तीन' म्हणून मग उचलायचं. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी ताईंनी टाळी वाजवायची. तपासणी सोपी आहे: पुडा तळहातांमध्ये दाबायचा. हवा सुटली तर तो लाल ट्रेमध्ये, नाहीतर हिरव्यात.

तिन्हींतलं एकच धरायचं तर वाती. त्यातला बिघडलेला माल कापूसच राहतो, पुन्हा पिंजून वापरता येतो. हळदीत बिघडलेलं सगळं पैशात जातं. पण वातींना श्रावण ते त्रिपुरी एवढाच जोर असतो. उरलेले महिने हळदीवर काढावे लागतील.

गावभाग

प्रो-ट्रेची युक्ती झकास. कागदी पाकिटांबद्दल दोन गोष्टी. एक, चिकटवायची खळ घरी करत असाल तर मोरचूद टाकू नका. कीड लागू नये म्हणून जुने लोक टाकायचे, पण ते विषारी असतं आणि बोटं तोंडात जाणारे दोघं-तिघं असतातच. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर, त्या दिवसाची त्या दिवशी. उन्हाळ्यात दुपारनंतर आंबते. दोन, मिरजेत औषध दुकानांना तोटा नाही, पण त्यांना पाकिटं एकाच मापाची लागतात. पुठ्ठ्याचा साचा करून त्याच्याभोवती कागद घडी घालायला लावा, पट्टीने मोजून आखायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये चिकटवलेली पाकिटं सुकत नाहीत, वाकडी होतात, थप्पीत एकमेकांना चिकटतात. त्या दोन महिन्यांत हे काम बंदच ठेवलेलं बरं.

वर्तमानपत्राची पाकिटं खाण्याच्या वस्तूंसाठी विकू नका. छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून त्याला मनाई आहे.

माळबंगला

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. वर 'मुलं' हा शब्द कुणी वापरला नाही याचं बरं वाटलं. ३४ वर्षांच्या माणसाला 'बाळ' म्हणत कामाला बसवलं तर तो बाळासारखाच वागतो.

पहिली पायरी: कामाच्या पायऱ्या लिहून काढा, पण खुर्चीत बसून नाही. ताईंनी स्वतः ते काम दहा वेळा करावं आणि दुसऱ्याने हाताची प्रत्येक हालचाल लिहावी. हळदीचा पुडा भरणं हे एक काम नाही, नऊ आहेत: पाऊच उचलणे, तोंड उघडणे, फनेलवर चढवणे, माप भरून सपाट करणे, ओतणे, पाऊच पारड्यात ठेवणे, काटा हिरव्यावर येईपर्यंत चमच्याने कमीजास्त करणे, तोंड आतून पुसणे, ट्रेमध्ये ठेवणे. सील हे दहावं. ते दुसऱ्या माणसाचं.

मग पहिले तीन दिवस शिकवायचंच नाही. नुसतं बघायचं आणि प्रत्येक पायरीपुढे खूण करायची: 'स्व' म्हणजे स्वतःहून केलं, 'खू' म्हणजे बोट दाखवल्यावर, 'सां' म्हणजे सांगितल्यावर, 'हा' म्हणजे हात धरून. ज्या पायऱ्या 'स्व' आहेत त्या शिकवण्यात वेळ घालवू नका. हा कागद नसेल तर सहा महिन्यांनी 'प्रगती आहे हो थोडी' एवढंच म्हणता येतं.

शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागे या. आठ पायऱ्या ताईंनी हात धरून करून घ्यायच्या, नववी, म्हणजे भरलेला पुडा ट्रेमध्ये ठेवणं, ही मात्र त्याने एकट्याने. ती पक्की झाली की आठवी आणि नववी त्याची. असं मागे सरकायचं. कारण असं की काम दर वेळी त्याच्याच हातून पूर्ण होतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर तो नेहमी सुरुवात करतो आणि शेवट दुसऱ्याच्या हातून होतो, मग चौथ्या दिवसापासून त्याला तिथे बसायचंच नसतं. सलग तीन दिवस दहातले आठ वेळा बिनमदतीचं जमलं की ती पायरी पक्की धरा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बोलण्याने. 'हां, आता उचल, उघड, नीट, अरे नीट धर, शाब्बास' अशी अखंड धार चालू असते आणि शिकणारा हातातल्या पाऊचकडे न बघता ताईंच्या तोंडाकडे बघतो. ताई गप्प झाल्या की हातही थांबतो. म्हणून तोंडी सूचना शक्य तितक्या टाळा. हात धरणं हळूहळू सैल करत जाता येतं: मनगट, मग कोपर, मग नुसता खांद्यावर स्पर्श. बोलणं असं सैल करता येत नाही, म्हणून त्याची सवय सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अडला तर लगेच मदत नको, मनात पाचपर्यंत मोजा. बऱ्याचदा चौथ्या आकड्याला हात हलतो.

आणखी एक पायरी, जी कुणीच शिकवत नाही: कापूस संपला, पाऊच संपले, तर काय करायचं? नुसता बसून राहणारा माणूस आळशी ठरतो, खरं तर त्याला 'संपलं' म्हणायची पद्धत कुणी दिलेली नसते. बोलता येत नसेल तर टेबलावर लाल झेंडी. संपलं की उभी करायची.

आठ जणांची एक साखळी करू नका. एक जण सुट्टीवर गेला की सातही जण थांबतात. दोघा-तिघांच्या छोट्या साखळ्या करा आणि प्रत्येकाला शेजारच्याची एक पायरी शिकवून ठेवा. मधल्या ट्रेमध्ये दहा-बारा नग नेहमी शिल्लक असावेत, म्हणजे भरणारा हळू असला तरी सील करणारा रिकामा बसत नाही. चाळीस मिनिटं काम, दहा मिनिटं उठणं. घड्याळ कळत नसेल तर वाळूचं घड्याळ किंवा दोन ट्रे भरले की सुट्टी.

वारणाकाठ

धन्यवाद, खूपच उपयोगी. फिट येणाऱ्याला आणि डाउन सिंड्रोमवाल्या दोघांना कुठे बसवावं? त्यातल्या एकाची लाळ गळते. दुसऱ्याचं वय ३४, आधी चांगलं जमणारं काम अलीकडे विसरतो असं पालक सांगतात.

माळबंगला

लाळ गळत असेल तर खाण्याच्या वस्तूवर नको. हे त्याला कमी लेखणं नाही, अन्नाच्या कामाचा नियमच तो. पाकिटांवर लेबल लावणं किंवा वातींचा कापूस कापणं द्या. गळ्यात रुमाल बांधण्यापेक्षा मनगटावर टेरीकापडाचा पट्टा द्या आणि पुसायला शिकवा. रुमाल दुसऱ्याने बांधायचा असतो, पट्ट्याने तो स्वतः पुसतो.

फिट येणारा माणूस सीलर, कात्री, गॅस यांच्याजवळ नको. खुर्ची हातांची असावी, स्टूल नको. दुपारची गोळी असेल तर ती कुणी दिली हे सहीनिशी वहीत लिहा, नाहीतर एक दिवस ती दोनदा जाईल आणि एक दिवस जाणारच नाही. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. आधी घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर थेट दवाखाना. मिरजेत तरी त्यासाठी लांब जावं लागणार नाही.

३४ व्या वर्षी विसरण्याबद्दल: डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे, रक्ततपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. मग कानातला मळ आणि ऐकू येणं, नजर, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, उदासपणा. घरात कुणी गेलं का, भावाचं-बहिणीचं लग्न झालं का, हेही विचारा. या लोकांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर येतो हे खरं, चाळिशीपासूनच दिसू लागतो. पण वरच्या सगळ्या गोष्टी तपासल्याशिवाय तो शिक्का मारायचा नाही, कारण त्यातल्या बहुतेक बऱ्या होतात. तुमच्या पायऱ्यांचा कागद इथे डॉक्टरांच्या फार कामाला येतो. 'विसरतो' यापेक्षा 'मार्चमध्ये नऊपैकी आठ पायऱ्या स्वतः करायचा, आता पाच' हे जास्त उपयोगी. आणि दोघांनाही कोलांट्या, डोकं झटकून वाकवणं असले व्यायाम नकोत, मानेचे वरचे मणके सैल असू शकतात.

शिक्कामोर्तब

कागदपत्रं. क्रमाने नाही, ज्यावाचून अडतं ते आधी.

१८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. हे अनेकांना बँकेत खातं अडलं की कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली (स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता) पालकत्वाचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे जातो. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणजे तुमच्यासाठी सांगली. अर्ज 'अ' नमुन्यात, आदेश 'ब' नमुन्यात मिळतो. लोक आदेश घेतात आणि पुढचं विसरतात: नेमणुकीपासून सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. आठही जणांची खाती काढायची असतील तर सगळ्यांचे अर्ज एकदम द्या. आणि ज्यांना व्यवहार कळतो, सही करता येते, त्यांच्यासाठी पालकत्व घ्यायलाच हवं असं नाही. सौम्य गटातल्या तिघांचा आधी नीट विचार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १४ व्या कलमात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी बोलून.

कार्यशाळेची नोंदणी: २०१६ च्याच कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे दिव्यांगांची काळजी, शिक्षण, प्रशिक्षण देणारी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. 'आम्ही संस्था नाही, पालकच आहोत' हे उत्तर अपघात झाला की टिकत नाही. आधी धर्मादाय कार्यालयात न्यासाची नोंदणी, मग जिल्हा परिषदेचा दिव्यांगांचं काम बघणारा विभाग. ताईंचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक चालू आहे ना, तो बघा, त्याचं नूतनीकरण करावं लागतं.

हळद: मसाल्याची पावडर सुटी विकायला बंदी आहे, म्हणजे 'घरगुती आहे, कागदात बांधून देतो' चालणार नाही. दुसऱ्याची पावडर आणून नुसते पुडे भरणाऱ्यालाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, छोट्या व्यवसायाला मूळ नोंदणी पुरते. शिवाय पॅकर म्हणून वैधमापन विभागाकडे (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) नोंदणी, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत. तराजू आणि इलेक्ट्रॉनिक काटा दोन्हींवर शिक्का हवा, इलेक्ट्रॉनिकचा दरवर्षी. लेबलवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक. पावडर पावती देणाऱ्या गिरणीतूनच घ्या आणि पावतीचा नंबर बॅच नंबरशी जोडून वहीत ठेवा. पावडरीतला ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा लागतो. सांगलीत हळदीला तोटा नाही म्हणून कुणी घरची दळून आणली तर घेऊ नका, एक खराब बॅच झाली तर ती कुणाची हेच कळणार नाही.

निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर आधी तो. १ लाखापर्यंत, बाह्यरुग्ण तपासणीसकट, आणि आधीपासूनच्या आजाराची अट नाही. फिटच्या गोळ्या, थायरॉइडची तपासणी यात बसते. पैसे आधी भरून मग परत मिळतात, म्हणून मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) सगळ्यांचं असेलच, नसेल तर पहिलं काम ते.

स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. सीलर, टेबलं, तराजू यांसाठी महापालिकेकडे अर्ज करा, पण अंदाजपत्रक ठरण्याआधी, म्हणजे जानेवारीत. मार्चमध्ये गेलात तर 'पुढच्या वर्षी या' ऐकायला मिळतं.

हळदपेव

थोडा विरोधी सूर. चार भिंतींत वाती वळत बसण्यापेक्षा बाहेर काम का नको? सौम्य गटातले तिघं तरी जाऊ शकतात. तासगाव-मिरज पट्ट्यात जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये पुठ्ठ्याची खोकी घडी करून उभी करायला माणसं लागतात. बेदाण्याच्या शेडवर काड्या आणि काळे मणी काढायचं काम असतं. बेकरीत पाव मोजून पिशवीत भरणं आहे. कार्यशाळेत बसवून ठेवलं की ते कायमचे तिथेच राहतात.

तराजू

सहमत, पण अर्धा. पाच जणांसाठी कार्यशाळा हवीच. तिघांसाठी बाहेरचं बघा, मात्र 'ओळखीचे आहेत, ठेवून घेतील' या भरवशावर नको. आधी ताईंनी किंवा पालकाने ते काम तिथे दोन दिवस स्वतः करून बघायचं. गोंगाट किती, संडास कुठे, जेवणाची सुट्टी किती, कोण ओरडतं, हे तेव्हाच कळतं. मग आठवडाभर सोबत, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून एक फेरी. बहुतेक नोकऱ्या कामामुळे जात नाहीत, डबा खाताना कुणी चेष्टा केली किंवा पगाराच्या दिवशी काय करायचं कळलं नाही म्हणून जातात. शेजारी काम करणाऱ्या एका मावशींना किंवा दादांना विश्वासात घेतलं तर तुमचं अर्धं काम होतं.

बेदाण्यावर एक धोका: निवडता निवडता खाणं. 'खाऊ नको' म्हणून ते थांबत नाही. चार वाजता प्रत्येकाला वाटीभर मिळणार हे आधीच ठरवा आणि ती वाटी समोर, झाकून ठेवा. पांढऱ्या ताटात निवडायला द्या, स्टीलच्या ताटात चकाकीमुळे काळा मणी दिसत नाही.

पगार बाहेर ठरेल तोच, बाकीच्यांच्या दराने. कार्यशाळेत नगावर पैसे दिले तर हळू हात असलेल्याला महिन्याला फारच कमी पडतात आणि त्याची आई रात्री घरी बसून त्याच्या वाती पूर्ण करते. हे हमखास होतं. माल घरी न्यायचाच नाही असा नियम करा. हजेरीवर ठरलेला भत्ता आणि त्यावर सगळ्यांच्या एकत्र मालावर थोडा वाटा, हे निभतं. रोख हातात द्या, त्याच्या हातात, पालकांच्या नाही. दहा-दहाच्या नोटा दिल्या तर मध्यम गटातल्यांनाही काहीतरी विकत घेण्याचा अर्थ लागतो.

गावभाग

येण्या-जाण्याचंही शिकवा. एसटीत ७५ टक्के सवलत आहेच. बोर्ड वाचता आला नाही तरी चालतं. इथेही शेवटून सुरुवात: पहिल्यांदा फक्त शेवटच्या थांब्यावर उतरून कार्यशाळेपर्यंत एकटं चालत येणं, सोबतचा मागे वीस पावलं. मग उतरणं, मग तिकीट, सगळ्यात शेवटी गाडी ओळखणं. खिशात कार्ड, त्यावर नाव आणि दोन फोन नंबर. घरचा पत्ता मात्र लिहू नका, मुलींच्या कार्डावर तर नाहीच.

तळमजला म्हणालात. जागा कृष्णा घाटाच्या बाजूला असेल तर कापूस, कागद आणि हळद पावसाळ्यात जमिनीपासून चार फूट वर ठेवा आणि वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घराशी आधीच बोलून ठेवा. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. पण सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडे त्याच्या आधीच पाणी शिरतं, तिकडून कुणी येत असेल तर ४० ची वाट बघू नका. गोळ्या, कार्डं, पालकत्वाचे आदेश एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळ. आठ-दहा दिवस बंद राहिलं तर शिकलेलं मागे जातं, म्हणून प्रत्येकाच्या घरी एक ट्रे आणि एक पेळू द्या. माल घरी न न्यायच्या नियमाला एवढाच अपवाद, आणि त्या वाती विकायच्या नाहीत.

वारणाकाठ

प्रो-ट्रे आजच आणले, २० रुपयांना एक. तराजूसाठी गणपती पेठेत विचारतो. शेवटचं एकच: सीलर हाताचा घ्यावा की पायाचा?

तराजू

पायाचा. दोन्ही हात पुडा सरळ धरायला मोकळे राहतात आणि बोट पट्टीखाली जात नाही. फक्त पायाचा दाब सगळ्यांचा सारखा नसतो, कुणी नुसता टेकवतो, कुणी उभा राहतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ठरावीक अंतराच्या खाली पाय जाणार नाही. पट्टीवरचं टेफ्लॉनचं कापड तपकिरी पडलं की लगेच बदला, जळलेल्या कापडावर हळदीचा पाऊच चिकटतो आणि ओढताना फाटतो. दोन कापडं जास्तीची आणून ठेवा. आणि डायल एकदा ठरला की त्यावर चिकटपट्टी लावून टाका, नाहीतर फिरवायला सगळ्यांनाच आवडतं.